मीटर, टॉवर आणि शीव

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' गाळलेत, बाकी तसंच आहे.

आजचा विषय विजेचा मीटर. हो, तोच, जिन्याखालचा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड तुम्ही बहुतेक वाचला असेल: स्मार्ट मीटर म्हणजे घरात बसवलेला मोबाईल टॉवर, चोवीस तास किरणं सोडतो, लहान मुलांना धोका. खाली कुणीतरी लिहितं, "काही होत नाही, फोन वापरता ना?" मग दोन दिवस भांडण. मग गणपतीच्या वर्गणीचा विषय निघतो आणि मीटर मागे पडतो.

या भांडणात दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. वायरलेस लहरींवरून मुंबईत याआधी एक मोठं भांडण होऊन गेलंय, मोबाईल टॉवरचं. त्यातून लोकांच्या हाती एक आकडा आला: किती लहरी चालतील आणि किती नाही. पुढे ते मोजून घ्यायची सोयही झाली. मीटरच्या वेळी आकडा मागायच्या आधीच मीटर भिंतीवर चढला. ते कसं झालं ते बघू, आणि आकडा मागायचा कसा तेही सांगतो.

सुरुवात शीवपासून करू. एकतर मी इथेच राहतो, आणि दुसरं म्हणजे या नावातच गोष्ट आहे. शीव म्हणजे हद्द. गावाची शीव, शेताची शीव म्हणतो ना, तीच. टेकडीवरचा किल्ला १६६९ ते १६७७ च्या दरम्यान इंग्रजांनी बांधला, जेरार्ड ऑन्जिए गव्हर्नर असताना. खाडीपलीकडची साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. इंग्रजांची मुंबई इथे संपायची. आज त्या किल्ल्यावर कॉलेजची पोरं सेल्फी काढतात आणि हद्द कुणाला आठवत नाही. पण एक हद्द अजून तिथेच आहे, विजेची. बेस्टचा वीजपुरवठा कुलाब्यापासून शीव आणि माहीमपर्यंत. पुलापलीकडे कुर्ल्याला राहणाऱ्या तुमच्या मावशीचं बिल वेगळ्या नावाने येतं, दर वेगळे, तक्रार करायची खिडकी वेगळी. त्यामुळे "मुंबईत स्मार्ट मीटर लागले का?" या प्रश्नाला शीवमध्ये दोन उत्तरं मिळतात, रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्याप्रमाणे.

बेस्टचा इतिहास थोडक्यात. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी वाडीबंदरला वीजनिर्मिती सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली. तेव्हापासून बेस्ट 'आपली'. गिरगाव-परळच्या लोकांचा बेस्टवर जो हक्क आहे तो कुठल्याही खाजगी कंपनीवर नाही. बस उशिरा आली तर शिव्या देतात, पण 'आपली' म्हणूनच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या सगळ्या काळात मीटर म्हणजे काचेच्या खिडकीमागे फिरणारी ॲल्युमिनियमची चकती. हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी या इंजिनियरने १८८९ मध्ये असा मीटर बनवला आणि पुढची शंभर वर्षं जगाने थोड्याफार फरकाने तोच वापरला. चकतीची गंमत अशी की ती कुणालाही वाचता यायची. आजी दुपारी गीझर चालू करून जिन्याखाली बघून यायची, "बघ कशी पळतेय!" विज्ञान वगैरे काही नाही, पण डोळ्यांना दिसायचं की वीज वापरली की चकती पळते. मीटर रीडर महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, टॉर्च मारून आकडा लिहायचा, आणि शेजारच्या काकू त्याला पाणी विचारायच्या.

२००६ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने मीटरचे नियम काढले. यापुढे ग्राहकाचा मीटर स्टॅटिक असेल, म्हणजे फिरता भाग नसलेला, इलेक्ट्रॉनिक. चकती गेली, लाल दिवा आला. "इलेक्ट्रॉनिक मीटर पळतात" ही तक्रार तेव्हापासूनची आहे. जुन्या मीटरची चकती झिजून हळू झालेली असायची, नवा बरोबर मोजायचा, त्यामुळे काही घरांत बिल खरंच वाढलं. पण लोकांच्या मनात राहिलं ते इतकंच: यंत्र बदललं, बिल वाढलं, आणि आत काय चाललंय ते आता दिसत नाही.

मग महावितरणने, म्हणजे मुंबईबाहेरच्या बहुतेक महाराष्ट्राला वीज देणाऱ्या सरकारी कंपनीने, काही भागांत आरएफ मीटर लावले. आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी. रीडर हातातलं यंत्र घेऊन जवळ आला की मीटर लहरींवर आकडा सांगणार. खरं तर घरातला वायरलेस मीटर तेव्हाच आला होता. गाजला नाही, कारण रीडर अजून दारात येत होता.

आता टॉवरकडे वळू, कारण मीटरची भीती तिथून आलीय.

२००८ नंतरची तीन-चार वर्षं आठवा. दर दोन इमारती सोडून गच्चीवर अँटेना. सोसायटीला भाडं मिळायचं, त्यातून रंगकाम व्हायचं, त्यामुळे ज्यांच्या डोक्यावर अँटेना ते खूश आणि ज्यांच्या खिडकीसमोर ते हैराण. दक्षिण मुंबईत कारमायकल रोडच्या रहिवाशांनी एकाच इमारतीतले कॅन्सरचे रुग्ण मोजायला सुरुवात केली आणि बोट समोरच्या अँटेनांकडे दाखवलं. मलबार हिलला जूही चावला यांनी आपल्या घरासमोरच्या सह्याद्री अतिथिगृहावरच्या अँटेनांबद्दल तक्रार केली. सरकारी अतिथिगृह, समोर सिनेमातली नटी, टीव्हीवाल्यांना अजून काय हवं?

पण या गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र माझ्या मते पवईचं आहे. आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल विभागातले प्रा. गिरीश कुमार स्वतः अँटेनाचे अभ्यासक. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी टॉवरच्या लहरींवरचा अहवाल दूरसंचार खात्याला दिला. त्यांच्या आरोग्यविषयक निष्कर्षांशी अनेक शास्त्रज्ञ सहमत नव्हते, आजही नाहीत. मलाही त्यातले काही दावे ताणलेले वाटतात. एका इमारतीतल्या चार-सहा रुग्णांवरून कारण ठरत नाही, कॅन्सर दुर्दैवाने इतका दुर्मीळ नाही. पण त्यांनी आणि रहिवाशांनी एक काम केलं जे आपण करत नाही. मीटर घेऊन गॅलरीत उभे राहिले आणि आकडा वाचला. इथे मीटर म्हणजे लहरी मोजायचं यंत्र, मराठीत दोन्हीला मीटरच, सांभाळून घ्या.

आकडा हातात असला की सरकारला "काही होत नाही" एवढं म्हणून सुटता येत नाही. २०१० मध्ये केंद्राने आंतरमंत्रालयीन समिती नेमली. ३१ मे २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, फ्रान्समधल्या लियों शहरात, रेडिओ लहरींना 'टू-बी' गटात टाकलं. टू-बी म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक असू शकेल'. पुरावा मर्यादित, पण शून्य नाही. त्याच गटात आशियातल्या पारंपरिक पद्धतीची लोणची पण आहेत (आपल्या कैरीच्या लोणच्यावर घसरू नका, तो विषय वेगळा). शिवाय तो निर्णय मुख्यतः फोन कानाला लावून वर्षानुवर्षं बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर आधारलेला होता. पेपरात बातमी आली ती मात्र "मोबाईलने कॅन्सर" अशी.

शेवटी १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरची मर्यादा एकदशांश केली. आंतरराष्ट्रीय शिफारस ९०० मेगाहर्ट्झला प्रति चौरस मीटर ४.५ वॅटची होती, आपण ०.४५ केली. म्हणजे ४५० मिलिवॅट. हा आकडा जरा लक्षात ठेवा. हँडसेटसाठीही शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो अशी कडक झाली. २०१७ मध्ये 'तरंग संचार' हे सरकारी पोर्टल आलं. नकाशावर आपल्या गल्लीतला टॉवर शोधा, ४,००० रुपये भरा, खात्याचे लोक येऊन मोजून देतात. ४,००० रुपये म्हणजे काही फुकट नाही. पण दार आहे, ठोठावता येतं.

आणि हे दार टॉवरसाठीच आहे. मीटरमधला मॉडेम त्या नकाशावर नाही.

मीटरच्या भीतीचं दुसरं मूळ शोधायला थोडं लांब जावं लागेल, कॅलिफोर्नियाला. आपल्या ग्रुपवर येणाऱ्या बऱ्याच फॉरवर्डमधला मजकूर तिकडच्या वादांतून उचललेला आहे, त्यामुळे मूळ प्रकरण माहीत असलेलं बरं. पीजी अँड ई या कंपनीने २००६ पासून तिथे घरोघरी वायरलेस मीटर लावायला घेतले. २००९ मध्ये बेकर्सफील्ड गावात बोंब उठली की नव्या मीटरने बिलं दुपटीने वाढली. नियामक आयोगाने बाहेरच्या सल्लागाराकडून तपासणी करवली. २०१० मध्ये निष्कर्ष आला: मीटर बरोबर आहेत, पण दरवाढ, उन्हाळ्याची लाट आणि मीटर एकाच वेळी आले, आणि कंपनीने लोकांशी नीट बोलायची तसदी घेतली नाही. ओळखीचं वाटतंय ना?

पाठोपाठ आरोग्याचा मुद्दा आला. कंपनीचं म्हणणं, मीटर दिवसभरात जेमतेम ४५ सेकंद बोलतो. खोटं नव्हतं. पण नोव्हेंबर २०११ मध्ये आयोगापुढे द्यावी लागलेल्या उत्तरात दुसरा आकडा बाहेर आला. हे ४५ सेकंद म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे १० हजार छोटे छोटे संदेश, आणि काही मीटरच्या बाबतीत १ लाख ९० हजारांपर्यंत! कारण ते मेश नेटवर्क होतं. प्रत्येक मीटर शेजाऱ्याचे निरोपही पुढे ढकलतो, जसे आपण डब्यात मागच्याचे पैसे पुढे पास करतो. ऊर्जा तेवढीच, पण ज्याला "थोडा वेळ बोलतो" असं सांगितलं होतं त्याला "दिवसाला १० हजार वेळा" ऐकल्यावर फसवल्यासारखं वाटणारच. मी बॅकएंडवर काम करतो, रोज लॉग बघतो. एकूण वेळ आणि एकूण विनंत्या हे दोन वेगळे आकडे असतात आणि दोन्ही सांगायचे असतात, एवढं आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

१ फेब्रुवारी २०१२ ला आयोगाने मार्ग काढला. नको असेल तर जुना मीटर ठेवा: सुरुवातीला ७५ डॉलर आणि दरमहा १० डॉलर, गरीब कुटुंबांना कमी. मीटर धोकादायक आहे असं आयोगाने म्हटलं नाही. नाही म्हणायची सोय दिली आणि तिची किंमत लावली. नेदरलँड्समध्ये त्याआधीच, २००९ मध्ये, संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीचा स्मार्ट मीटर अडवला होता. तिथे मुद्दा किरणांचा नव्हता, घरात कोण कधी काय करतं हे मीटर सांगतो याचा होता. त्यावर येतोच.

आता परत आपल्याकडे. २०१९ च्या अखेरीस केंद्रीय वीज प्राधिकरणाने नियम बदलला: नवे मीटर स्मार्ट आणि प्रीपेड सोय असलेले. १७ ऑगस्ट २०२१ ला ऊर्जा मंत्रालयाने मुदती ठरवल्या, शेती सोडून सगळ्यांसाठी. सोबत अनुदान, बहुतेक राज्यांत मीटरमागे किमतीच्या १५ टक्के किंवा ९०० रुपये, जे कमी असेल ते. २०२२ मध्ये बेस्टने सुमारे १,३०० कोटी रुपयांचं कंत्राट अदानी ट्रान्समिशनला दिलं, १० लाख ८० हजार मीटरसाठी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महावितरणने सव्वादोन कोटी मीटरची, जवळपास २७ हजार कोटींची कंत्राटं वाटली. दोन्हीकडे भागाकार करा, मीटरमागे १२ हजार रुपयांच्या आसपास येतात. यात काही वर्षांची देखभाल आणि डेटा सेवाही धरलेली आहे, हे न्यायाने सांगायला हवं. तरी ९०० रुपयांच्या अनुदानापुढे उरलेले पैसे कुठून येणार, हा प्रश्न ग्राहक संघटनांनी विचारला आणि तो रास्त होता.

या सगळ्या कागदांत घरमालकाला कुठे विचारलंय ते शोधा. वीज कायदा २००३ चं कलम ४७, पोटकलम ५ सांगतं की ग्राहक प्रीपेड मीटर घ्यायला तयार असेल तर त्याच्याकडून अनामत मागता येणार नाही. 'तयार असेल तर'. कायद्याने प्रीपेड हा पर्याय म्हणून ठेवला होता, नियमांनी त्याची सक्ती केली, असं मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं म्हणणं. दुसरी बाजू कलम ५५ दाखवते: मीटर प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणेच असला पाहिजे. वकील यावर तासभर बोलू शकतात, मी थांबतो. माझ्या नजरेत भरतं ते वेगळंच. कॅलिफोर्नियासारखी नाही म्हणायची खिडकी आपल्याकडे ठेवलीच नाही. पैसे भरूनसुद्धा नाही.

बरं, मग लहरींचं काय? खरंच धोका आहे का? चला, हिशोब करू. कॅल्क्युलेटर काढा.

आपल्याकडच्या स्मार्ट मीटरमध्ये बहुधा मोबाईलचाच मॉडेम असतो, सिमकार्डवाला. फोर-जी मॉडेमची कमाल शक्ती ०.२ वॅट. टू-जी असेल तर क्षणिक शिखर २ वॅटपर्यंत जातं, पण आठातल्या एकाच वेळखंडात, म्हणजे सरासरी पाव वॅट. ०.२ धरू. एक मीटर अंतरावर ही शक्ती गोलाकार पसरली तर प्रति चौरस मीटर सुमारे १६ मिलिवॅट. टॉवरची मर्यादा आठवली? ४५०. म्हणजे मॉडेम पूर्ण जोरात ओरडत असतानाही मर्यादेच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाइतकं. आणि तो कायम ओरडत नाही. मीटर १५ किंवा ३० मिनिटांची नोंद स्वतःकडे लिहून ठेवतो आणि साठलेलं थोड्या थोड्या वेळाने पाठवतो. दिवसातून एकूण ५ मिनिटं धरली तर २४ तासांची सरासरी १ मिलिवॅटच्या वीस भागांतल्या एका भागाजवळ येते. तुमचा फोन तेवढ्याच शक्तीचा आहे आणि तुम्ही तो कानाला लावता, उशीखाली ठेवून झोपता. घरातला स्मार्ट मीटर म्हणजे टॉवर, हे फॉरवर्ड गणितात नापास आहे.

पण मुंबईत मीटर घरात नसतोच! इथेच कॅलिफोर्नियाचा मजकूर आपल्याला लागू पडत नाही. तिकडे मीटर बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर असतो. आपल्याकडे चाळीत तो जिन्याखालच्या फळीवर असतो, इमारतीत तळमजल्याच्या मीटर रूममध्ये. सगळ्या घरांचे एकत्र. चौथ्या मजल्यावरचे काका ग्रुपवर लेकराबाळांची काळजी करतात, आणि त्यांचा मीटर त्यांच्यापासून चार मजले खाली असतो. मीटरच्या जवळ झोपतं कोण? वॉचमन. शीव-माटुंग्याच्या कितीतरी इमारतींत मीटर रूमच्या बाहेर, कधी दाराला टेकूनच, वॉचमनची खाट असते. त्याच्या पंख्याची वायरही तिथूनच घेतलेली असते.

त्याच्यासाठी हिशोब करू. ४० मीटर, सगळे बरोबर एक मीटरवर, सगळे एकाच क्षणी पूर्ण जोरात: ६४० मिलिवॅट. अरे, हे तर मर्यादेच्या वर! थांबा. ४० मीटर एकाच बिंदूत मावत नाहीत, एकाच क्षणी बोलत नाहीत, आणि मर्यादा क्षणाची नसून सहा मिनिटांच्या सरासरीची आहे. वर धरलेल्या ५ मिनिटांच्या हिशोबाने दिवसाची सरासरी २ मिलिवॅटच्या किंचित वर येते, म्हणजे मर्यादेच्या दोनशेव्या भागाजवळ. खाट दोन मीटरवर सरकवली की त्याचाही चौथा हिस्सा. त्यामुळे वॉचमनकाकांना मी बिनधास्त सांगेन की किरणांपेक्षा त्या खोलीतल्या उघड्या जॉइंटची आणि डासांची काळजी करा.

मात्र या सगळ्या हिशोबात एक आकडा मी धरलाय: दिवसातून ५ मिनिटं. मीटर रूम तळघरात असली, लोखंडी दार लावलेलं असलं, रेंज एक काडी असली, की मॉडेम पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि जास्त जोर लावतो. तुमचा फोन लिफ्टमध्ये गरम होतो ना, तसंच. ५ चे ५० मिनिटं झाले तरी सरासरी मर्यादेच्या खूप आतच राहील, पण तो आकडा मीटरवर छापलेला नसतो, बिलावर नसतो, बसवायला आलेल्या पोराकडे नसतो. आमच्या जवळच्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी विचारलं तर उत्तर मिळालं, "वरून ऑर्डर आहे." कॅलिफोर्नियात १० हजारांचा आकडा आयोगाने मागितला म्हणून बाहेर आला. टॉवरच्या वेळी गॅलरीत उभं राहून मोजलं म्हणून ४५० आला. "वरून ऑर्डर आहे" यातून कुठलाच आकडा येत नाही, फॉरवर्ड तेवढे येतात.

आता ज्याची मला खरंच काळजी वाटते ते. १९८० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट नावाचा संशोधक घराबाहेरच्या एकाच मीटरवरून आत कुठलं उपकरण कधी चालू झालं ते ओळखायचं तंत्र शोधत होता. फ्रिजचा कॉम्प्रेसर वेगळी पायरी चढतो, इस्त्री वेगळी. तंत्र जमलं. आणि १९८९ मध्ये त्यानेच लेख लिहून सावध केलं की हे पाळत ठेवायला वापरता येईल. स्वतःच्या शोधाबद्दल असं लिहिणारे लोक कमी असतात. १५ मिनिटांच्या नोंदीतून इस्त्री ओळखता येणार नाही, पण घर रिकामं कधी असतं, कोण रात्री जागतं, गावाला कधी गेलात, हे सहज कळतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की असा १५ मिनिटांचा डेटा गोळा करणं ही घराची झडतीच आहे. त्या शहराची पद्धत रास्त ठरवली, पण झडती हा शब्द वापरला. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. तरी मीटर बदलताना दारात जो कागद सहीला येतो त्यावर डेटाचं काय होणार हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शिवाय स्मार्ट मीटरमध्ये दुरून वीज तोडायचा स्विच असतो. पूर्वी वीज तोडायला माणूस यायचा, त्याला दारात थांबवून "उद्या भरतो हो" म्हणता यायचं. सर्व्हरला पाणी विचारता येत नाही.

पुढचं राजकारण तुम्हाला आठवत असेल. २०२४ च्या सुरुवातीपासून विरोध वाढला. ग्राहक संघटना, कामगार संघटना, विरोधी पक्ष, सगळे रस्त्यावर. शेजारच्या गुजरातेत मे महिन्यात बडोद्याला लोकांनी असाच गोंधळ घातला. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि त्याच महिन्यात तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. विधानसभा झाल्यावर, २०२५ मध्ये, महावितरणचे मीटर 'टीओडी' या नावाने परत आले. टाइम ऑफ डे, दिवसा वीज वापरली तर सवलत. प्रीपेड गेलं, पोस्टपेड राहिलं, मॉडेम तोच. बेस्टच्या भागात रागाला आणखी एक पदर होता. 'आपली' बेस्ट आणि तिच्या मीटरमागे खाजगी कंपनी, हे परळ-लालबागच्या माणसाला पचत नव्हतं. इथे किरणांचा मुद्दा तोंडी लावण्यापुरता होता, खरा राग बिलाचा आणि मालकीचा. तो राग समजण्यासारखा आहे. पण घोषणेने राग शमला आणि लहरींचा, डेटाचा प्रश्न कुणीच उत्तर न देता गुंडाळला गेला.

आता कामाचं. बिलावर शंका असेल तर फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांप्रमाणे तक्रार आल्यापासून ५ दिवसांत कंपनीने दुसरा पडताळणी मीटर लावायचा आणि किमान ३ महिने दोन्ही ताडून बघायचे. हा नियम छापून सोसायटीच्या बोर्डवर लावा.

आणि लहरींचा आकडा हवा असेल तर शीवच्या अलीकडे राहणाऱ्यांची एक सोय आहे. बेस्ट महापालिकेचा उपक्रम आहे, त्यामुळे माहिती अधिकार कायदा २००५ तिला लागू आहे. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. "स्मार्ट मीटर सुरक्षित आहे का?" असं विचारू नका, "होय" एवढंच येईल. विचारा की आमच्या इमारतीत लावलेल्या मीटरमधला संपर्क मॉड्यूल कुठल्या मॉडेलचा आहे, त्याची कमाल प्रक्षेपण शक्ती किती, गेल्या महिन्यात त्याने दिवसाला सरासरी किती वेळा आणि एकूण किती सेकंद प्रक्षेपण केलं, त्याच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत द्या, आणि १५ मिनिटांच्या नोंदी कुणाच्या सर्व्हरवर किती दिवस राहतात. अर्जात वॉचमनच्या खाटेपासून मीटर रूमचं अंतरही लिहा, मीटरमध्ये. (हा शेवटचा मीटर लांबीचा.)

कुणाला उत्तर आलं तर नाव-पत्ता झाकून मला पाठवा. पुढच्या भागात तेच आकडे घालून वरचा हिशोब परत करू. चला, भेटू.